पुवाच्या पट्ट्यांतून सापडलेला धागा

जखमांवरच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या एक तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया विभागातून मागून नेतो, हे ऐकून आजही कुणी नाक मुरडेल. १८६९ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन येथे फ्रिडरिश मिशर नेमके हेच करत होते.

मिशर १८४४ साली स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात, डॉक्टरांच्याच घरात जन्मले. ऐकू कमी येत असल्याने छाती तपासणे अवघड होते. त्यामुळे दवाखान्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली. तीही जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात थाटलेली! पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या पेशी. त्या धुऊन, डुकराच्या जठरातील पेप्सिनने त्यातली प्रथिने पचवून त्यांनी पेशींची केंद्रके वेगळी केली. त्यातून फॉस्फरसयुक्त, आम्लधर्मी पदार्थ मिळाला. पेप्सिनने तो पचत नव्हता, म्हणजे नेहमीचे प्रथिन नव्हे. त्याला त्यांनी ‘न्यूक्लेइन’ म्हटले. आपण त्यालाच डीएनए म्हणतो. गुरू होपे-झायलर यांनी प्रयोग स्वतः करून पाहिल्यावरच, १८७१ मध्ये, निबंध छापला.

बाझलला परतल्यावर ऱ्हाइन नदीतले सामन मासे हाताशी आले. पदार्थ बिघडू नये म्हणून मिशर कडाक्याच्या थंडीत, गारठलेल्या खोलीत काम करत. माशांच्या शुक्राणूंत त्यांना १८७४ मध्ये न्यूक्लेइनला बांधलेला एक अल्कधर्मी पदार्थ सापडला : प्रोटामिन. धागा आणि त्याला आवळून ठेवणारे प्रथिन, दोन्ही एकाच माणसाच्या हाती लागले होते.

इतर पेशींत हे काम हिस्टोन प्रथिने करतात. ती १८८४ मध्ये अल्ब्रेख्ट कोसेल यांनी शोधली. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सुमारे दोन मीटर लांब, आणि केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती हा धागा जेमतेम पावणेदोन वेढे घेतो. अशी लाखो रिळे पुन्हा वळत, दुमडत जातात, तेच क्रोमॅटिन. घट्ट दुमडलेल्या भागातील जनुके बहुधा गप्प राहतात, सैल भागातली वाचता येतात. शुक्राणूत प्रोटामिन बहुतेक हिस्टोनांची जागा घेते आणि गाठोडे आणखी आवळते.

फलनामागे न्यूक्लेइन असेल का, हा विचार मिशर यांच्या मनात आला होता. पण एकच पदार्थ इतके काही करू शकेल, हे त्यांना पटले नाही. त्या काळात ते कुणालाच सहज पटले नसते. क्षयाने पोखरलेले मिशर १८९५ मध्ये डावोस येथे, एक्कावन्नाव्या वर्षी वारले. दोन वर्षांनी त्यांचे मामा, शरीररचनातज्ज्ञ विल्हेल्म हिस यांनी त्यांचे लेखन छापून प्रसिद्ध केले.