तज्ज्ञाची साक्ष आणि न्यायाधीशाचा विवेक

सरन्यायाधीश आणि पुढे उपराष्ट्रपती म्हणून न्या. महंमद हिदायतुल्ला सर्वांना ठाऊक आहेत. तज्ज्ञाच्या साक्षीची मर्यादा त्यांनी दाखवून दिली, हे मात्र फारसे स्मरले जात नाही.

१९०५ साली लखनौ येथे जन्मलेले हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आणि नंतर केंब्रिजला शिकले. १९३० पासून त्यांनी नागपुरात वकिली केली. १९४६ साली ते तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तर १९५८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले.

वर्षभरातच पुण्याच्या डॉ. अनंत लागू यांचे अपील त्यांच्यापुढे आले. नोव्हेंबर १९५६ मध्ये लागूंसमवेत रेल्वेने मुंबईस निघालेल्या लक्ष्मीबाई कर्वे बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोहोचल्या आणि मरण पावल्या. रासायनिक तपासणीत विष आढळले नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मधुमेहजन्य मूर्च्छेचे कारण दिले. दुसऱ्या तज्ज्ञाने ते अमान्य केले. प्रयोगशाळेचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला, असे हिदायतुल्ला यांनी मानले नाही. रुग्णालयात नोंदविलेले खोटे नाव, दडविलेला मृत्यू आणि बळकावलेली संपत्ती या साखळीवर त्यांनी निर्णय उभारला. फाशी कायम झाली, न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले.

१९६७ सालच्या फक्रुद्दीन खटल्यात याच विचाराची दुसरी बाजू दिसली. हस्ताक्षरतज्ज्ञाने अक्षर जुळते असे सांगितले तरी न्यायालयाने ते स्वतः ताडून पाहिलेच पाहिजे, असे त्यांनी ठरविले. तज्ज्ञाचे मौन अंतिम नव्हे, तसा त्याचा उच्चारही नव्हे.

१९६८ ते १९७० ते सरन्यायाधीश होते; १९७९ ते १९८४ उपराष्ट्रपती. १९९२ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती स्वागतार्हच आहे. परंतु तज्ज्ञांचे अहवाल वाढतील तसा त्यांचा दराराही वाढेल. छत्रपती संभाजीनगरच्या सत्र न्यायालयात उभ्या राहणाऱ्या गरीब आरोपीला स्वतःचा तज्ज्ञ आणणे परवडत नाही. नमुना कोणी घेतला, मोहोर शाबूत होती काय, निष्कर्षाला आधार कोणता, हे प्रश्न त्याच्या वतीने न्यायासनानेच विचारावयाचे असतात. ते विचारले गेले नाहीत, तर निकाल न्यायालयाचा राहणार नाही. तो प्रयोगशाळेचा ठरेल.