डॉक्टर लूसी विल्स

मुलांनो, अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांचे कारखाने आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण एका औषधाचा शोध परळला कसा लागला, ते ऐका.

लूसी विल्स यांचा जन्म १८८८ साली इंग्लंडमध्ये झाला. १९२८ साली त्या मुंबईला आल्या. तेव्हा गिरणीत राबणाऱ्या अनेक गरोदर बायका रक्तक्षयाने दगावत. लूसीबाई परळच्या हाफकिन संस्थेत कारण शोधू लागल्या. जंतू सापडेनात. मग त्यांनी बायकांचे जेवण पाहिले. भाजी, फळे, दूध फारच थोडे! त्यांनी आजारी माकडाला यीस्टचा अर्क दिला. अर्क खारट, पण स्वस्त. माकड सुधारले, पुढे बायकाही बऱ्या झाल्या.

१९४१ साली हेच जीवनसत्त्व पालकाच्या पानांत सापडले. त्याला फोलिक अ‍ॅसिड म्हणतात. लूसीबाई १९६४ साली वारल्या. शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत लोहाबरोबर तेच असते.