हिंदुस्थानात तार रोवणारा डॉक्टर

कलकत्त्याजवळ शिबपूर येथील वनस्पतिउद्यानात १८३९ च्या उन्हाळ्यात बांबूंच्या समांतर रांगा उभ्या राहिल्या आणि त्यांवरून लोखंडी तार मागे-पुढे खेळवण्यात आली. एकाच आवारात जणू घडी घालून ठेवलेली ही तार एकंदर २१ मैल लांबीची होती आणि तिचा सुमारे ७,००० फुटांचा भाग हुगळी नदीच्या पाण्याखालून गेला होता. तारेच्या टोकाशी बसलेला माणूस संदेश डोळ्यांनी वाचत नव्हता की कानांनी ऐकत नव्हता. बोटांना बसणारा विजेचा सौम्य झटका आणि समोरच्या घड्याळाचा काटा यांचा मेळ घालून तो अक्षरे जुळवीत होता.

त्याच वर्षी इंग्लंडात पॅडिंग्टन ते वेस्ट ड्रेटन या रेल्वेमार्गावर तारयंत्र सुरू झाले. मोर्स यांची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार त्यानंतर पाच वर्षांनी, १८४४ मध्ये धावली. म्हणजे शिबपूरचा प्रयोग जगातील पहिल्या काही मोठ्या प्रयोगांत गणला जाण्याजोगा होता. करणारा मात्र कोणी नावाजलेला इंजिनिअर नव्हता. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील डॉक्टर होते आणि कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत होते.

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ साली आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरोत घेतले. १८३१ मध्ये इंग्लंडात कॉलरा शिरला, तेव्हा या अवघ्या २२ वर्षांच्या तरुणाने रुग्णांच्या रक्ताचे पृथक्करण केले. रक्तातील पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणात निघून जातात, हे त्यांनी दाखवून दिले आणि ते शिरेवाटे परत भरून काढण्याची दिशाही सुचविली. पुढच्याच वर्षी थॉमस लाटा या डॉक्टरने स्कॉटलंडमध्ये प्रत्यक्ष रुग्णांवर तो उपाय करून पाहिला. सलाईनच्या बाटलीचा इतिहास लिहिताना ओशॉनेसी यांचे नाव आरंभी घ्यावे लागते ते यामुळे. एवढे करूनही लंडनमध्ये व्यवसायाचा परवाना त्यांना मिळाला नाही. १८३३ मध्ये कंपनीच्या बंगाल सेवेत सहायक शल्यवैद्य म्हणून ते हिंदुस्थानात आले. येथील औषधी वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला. गांजाच्या औषधी उपयोगावरील त्यांच्या निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाला या वनस्पतीची ओळख करून दिली. एका माणसाच्या कीर्तीला एवढे पुरेसे होते. परंतु शिबपूरच्या बांबूंनी त्यांना निराळ्याच वाटेला नेले.

ती वाट लगेच मोकळी झाली नाही. प्रयोगाचा वृत्तांत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, चर्चा झाली आणि सरकारने त्याकडे दशकभर दुर्लक्ष केले. मधल्या काळात ओशॉनेसी रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची कस पाहणारे अधिकारी म्हणून काम करू लागले. १८४८ मध्ये लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आले आणि चित्र पालटले. एवढ्या विस्तृत मुलखावर हुकूम चालवायचा, तर कित्येक दिवस वाटेत राहणाऱ्या टपालावर विसंबून भागणार नाही, हे डलहौसींना पटलेले होते. कलकत्त्यापासून हुगळीच्या मुखाकडे डायमंड हार्बरपर्यंत प्रायोगिक तार टाकण्यास मंजुरी मिळाली आणि काम ओशॉनेसी यांच्याकडे आले.

येथे त्यांच्या बुद्धीचा खरा कस लागला. युरोपात तारेचे तंत्र तोवर बरेच स्थिरावले होते. तेथील बारीक तार, तेथील खांब आणि तेथील यंत्रे जशीच्या तशी आणून उभी करणे सोपे होते. ओशॉनेसी यांनी तसे केले नाही. बंगालमध्ये तारेवर माकडे लोंबकळणार, घारी-गिधाडे बसणार, वादळे येणार, लाकडाला वाळवी लागणार आणि चार महिने अखंड पाऊस कोसळणार, हे त्यांनी आधी मांडून घेतले. मग बारीक तारेऐवजी तीन अष्टमांश इंच जाडीची लोखंडी सळई त्यांनी निवडली. या सळया जागच्या जागी टोकाला टोक जोडून उभारल्या जात. माकडांच्या ओझ्याने ती तुटत नसे. पुढील मार्गांवर खांबांची उंचीही अशी ठेवण्यात आली, की लादलेला हत्ती खालून निघून जावा.

जाड सळईचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा होता. पावसात खांब भिजले, की तारेतला प्रवाह प्रत्येक खांबावाटे थोडा थोडा जमिनीत झिरपतो. पाझरणाऱ्या पाटाचे पाणी जसे शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, तसाच हा प्रकार. बारीक तारेचा विद्युत्‌रोध जास्त, त्यामुळे प्रवाहाला पुढे जाण्यापेक्षा वाटेतच जमिनीत उतरणे सोपे होते. सळई जाड असली, की हा रोध कमी होतो आणि गळती होऊनही दुसऱ्या टोकाला काहीतरी शिल्लक उरते. पोचलेला तो क्षीण प्रवाहही टिपता यावा, म्हणून ओशॉनेसी यांनी एका सुईचे साधे, संवेदनशील यंत्र स्वतः रचले. सुई डावीकडे वा उजवीकडे हलली, की त्या हालचालींवरून अक्षर ओळखायचे. हे यंत्र येथील कारागिरांना येथल्या साहित्यातून बनवता येत असे आणि बिघडले तर दुरुस्तही करता येत असे. विलायतेहून सुटा भाग येण्यास महिने लागण्याच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

नद्या ओलांडण्याचा प्रश्न वेगळा. गटापर्चाचे वेष्टन दिलेली तार पाण्याखाली टाकता येई; पण हुगळीत जहाजांची ये-जा मोठी आणि नांगरात अडकून ती तुटण्याचा धोका कायमचा. ओशॉनेसी यांनी ती जहाजांच्या जाड साखळीच्या कड्यांमध्ये बसवून नदीच्या तळाशी सोडली. नांगर लागलाच तर साखळीला लागावा, तारेला नव्हे.

या कामात त्यांचा उजवा हात होता टांकसाळीतील एक बंगाली सहकारी, शिवचंद्र नंदी. १८५१ मध्ये डायमंड हार्बरच्या टोकाहून पहिला संदेश पाठवला तो नंदी यांनीच. कलकत्त्याच्या टोकाला स्वतः ओशॉनेसी होते. पुढे पूर्व बंगालकडे तार नेताना पद्मेचे अफाट पात्र आडवे आले. आगबोट मिळवणे खर्चाचे होते, तेव्हा नंदी यांनी कोळ्यांच्या होड्या जमवून पाण्याखालची तार पार नेली. खांबांसाठी ताडाची खोडे वापरण्याची युक्तीही त्यांचीच सांगितली जाते. तारखात्यात सिग्नलर म्हणून बहुतेक युरोपीय वा अँग्लो-इंडियन मुलेच घेतली जात होती. अशा खात्यात नंदी यांच्यावर टाकलेला भरवसा अपवादच म्हणावा लागेल. तो ओशॉनेसी यांच्या पारखीचा पुरावा आहे, खात्याच्या औदार्याचा नव्हे.

१८५२ मध्ये दुसरे ब्रह्मी युद्ध सुरू झाले. रंगून पडल्याची बातमी जहाजाने हुगळीच्या मुखाशी आणली आणि तेथून तारेने ती पाहता पाहता कलकत्त्याला पोचली. डलहौसींना याहून चांगला युक्तिवाद नको होता. देशभर तारेचे जाळे उभारण्याची शिफारस लंडनला गेली आणि संचालकांनी ती तत्परतेने मान्य केली. ओशॉनेसी सामग्री मिळवण्यासाठी इंग्लंडला गेले. १८५३ मध्ये त्यांनी खात्यातील कनिष्ठ अधिकारी, कारागीर आणि सिग्नलर यांच्यासाठी सूचनांचे पुस्तक प्रसिद्ध केले. तारेच्या क्षेत्रातील त्यांच्या लेखनात याचे मोल विशेष मानावे लागेल. शेकडो मैलांवरच्या एकाकी चौकीत बसलेल्या विशीतल्या पोराला तज्ज्ञाची मदत मागता येणार नव्हती. कारण मदत मागण्याचे साधन तेवढे बंद पडलेले असणार! म्हणून ज्ञान आधीच त्याच्या हाती देऊन ठेवणे भाग होते.

नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्त्याहून काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी सुमारे ८०० मैलांवरील आग्र्याहून संदेश आला. पाच महिन्यांच्या आत झालेले हे काम आजही थक्क करते. आग्र्याहून एक फाटा पंजाबकडे गेला, दुसरा इंदूरमार्गे मुंबईकडे. मुंबईहून तार पुढे दक्षिणेत बंगळूर आणि मद्रासपर्यंत पोचली. दक्षिणेत ग्रॅनाइटचा दगड मुबलक; तेथे काही टप्प्यांत लाकडाऐवजी दगडी खांबच उभे राहिले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तार जनतेला खुली झाली. १६ शब्दांच्या संदेशाला पहिल्या ४०० मैलांपर्यंत १ रुपया असा दर होता. सामान्य माणसाच्या खिशाला तो परवडणारा नव्हताच. कापूस आणि अफूच्या भावांवर डोळा ठेवणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांना मात्र तो स्वस्तच वाटला असणार. १८५६ पर्यंत हे जाळे सुमारे ४,००० मैलांचे झाले. त्याच वर्षी ओशॉनेसी यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

मात्र जाळे उभारणे आणि ते चालते ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत. लांबच्या पल्ल्यावर संदेश एका दमात जात नसे. मधल्या ठाण्यावरचा सिग्नलर सुईकडे पाहत अक्षरे सांगे, लेखनिक ती उतरवून घेई आणि तोच मजकूर पुढच्या तारेवर पुन्हा नव्याने पाठवला जाई. आजच्या जाळ्यात माहितीचे तुकडे एका राउटरकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. येथे राउटरच्या जागी पेंगुळलेला मुलगा होता. क्षणभर नजर हटली की अक्षर गळे, आणि मागे पाहावे तर सुईने कोणतीच खूण ठेवलेली नसे. मुंबईच्या मजकुराचे कलकत्त्याला पोचेतो भलतेच काही होई. वृत्तपत्रांत तक्रारी होत, थट्टाही होई. चूक तारेची, यंत्राची की माणसाची, हे ठरवणे हीच खात्याची रोजची परीक्षा होती. तार तुटली तर ती सापडे. एकेका ठाण्याला हाक देत गेले, की जेथून उत्तर थांबते तेथे दोष आहे एवढे कळे आणि त्या टप्प्यावर माणूस धाडता येई. हरवलेले अक्षर असे सापडत नसे.

दोष आपण रचलेल्या पद्धतीत आहे, हे ओशॉनेसी यांनी मान्य केले. मोर्सचे यंत्र कागदाच्या पट्टीवर खुणा उमटवून संदेशाची नोंद ठेवत होते. ते युरोप-अमेरिकेत सर्वत्र पसरत चालले होते. सुरुवातीला ओशॉनेसी यांनी ते येथील ओल्या, गळक्या तारेवर टिकणार नाही म्हणून नाकारले होते आणि त्या वेळी त्यांचे बरोबर होते. तारेचे विद्युत्‌रोधन सुधारले, जाळे लांबले, तेव्हा ते कारण उरले नाही. १८५६ मध्ये सुटीवर मायदेशी गेले असता त्यांनी मोर्स पद्धतीचा स्वीकार करण्याचे ठरवले, यंत्रे मिळवली आणि १८५७ पासून ती हिंदुस्थानच्या तारखात्यात आली. ज्या सुईच्या बळावर त्यांनी ४,००० मैल जिंकले होते, ती त्यांनी आपल्याच हाताने अडगळीत टाकली. किताब मिळाल्यानंतर असे करणारे संशोधक विरळा.

ते परदेशी असतानाच १८५७ चा उठाव झाला. ११ मे रोजी दिल्लीच्या तारकचेरीतील दोन तरुण सिग्नलरांनी शहरातील घडामोडींची वार्ता अंबाल्याला कळवली. तेथून ती लाहोरला गेली आणि १३ मे रोजी तेथील देशी पलटणी निःशस्त्र करण्यात आल्या. दिल्लीच्या कचेरीचे प्रमुख चार्ल्स टॉड हे तुटलेल्या तारेचा शोध घेण्यासाठी बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. उठाववाल्यांनी तारेचे महत्त्व अचूक ओळखले होते. सुमारे ९०० मैलांची तार त्यांनी उखडली. ती माकडांना दाद न देणारी होती, पण माणसांविरुद्ध तिच्यापाशी उपाय नव्हता; आणि असण्याचे कारणही नव्हते. जे जाळे राज्यकर्त्यांनी आपल्या हुकमासाठी विणले, ते लोकांनी आपले मानावे कशाला? तारेमुळेच इंग्रजांचे राज्य वाचले, असे पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यात अतिशयोक्ती असली, तरी पंजाबपुरते ते खरे आहे.

ओशॉनेसी परत आले ते उद्ध्वस्त मार्ग पुन्हा उभे करण्यासाठी. ते काम मार्गी लावून १८६० मध्ये त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव हिंदुस्थान सोडला आणि पुढच्या वर्षी निवृत्ती पत्करली. त्याच सुमारास त्यांनी आपले नावही बदलून विल्यम ओशॉनेसी ब्रुक असे केले. पुढील जवळजवळ तीन दशके ते इंग्लंडात प्रसिद्धीपासून दूर राहिले. कॉलरा, गांजा आणि तार या तीन निराळ्या इतिहासांत त्यांचे नाव येते. ते एकाच माणसाचे आहे, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. ८ जानेवारी १८८९ रोजी साउथसी येथे त्यांचे निधन झाले.

शिवचंद्र नंदी तारखात्यातच राहिले. त्यांना १८८३ मध्ये रायबहादूर ही पदवी मिळाली. हिंदुस्थानची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कागदाच्या पट्टीवरून कानांवर आणि कानांवरून संगणकावर आलेली, परंतु मोजणी तोवरही शब्दांचीच.