बर्ट बेल

डी बेनव्हिल ऊर्फ बर्ट बेल (जन्म : २५ फेब्रुवारी १८९५, फिलाडेल्फिया, मृत्यू : ११ ऑक्टोबर १९५९, फिलाडेल्फिया) हे अमेरिकन फुटबॉलमधील संघमालक, प्रशिक्षक व नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त होते. नव्या खेळाडूंच्या निवडीत दुर्बळ संघांना अग्रक्रम देणाऱ्या पद्धतीचे ते जनक मानले जातात.

प्रारंभिक जीवन

बेल यांचा जन्म सधन कुटुंबात झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संघातून ते क्वार्टरबॅक म्हणून खेळले. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये लष्करी रुग्णालयाच्या तुकडीत सेवा केली. १९३३ मध्ये लड रे यांच्यासह त्यांनी फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ उभा केला.

निवड पद्धत

त्या काळी महाविद्यालयातून बाहेर पडणारा खेळाडू कोणत्याही संघाशी करार करू शकत असे. साहजिकच गुणी खेळाडू शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स अशा बलाढ्य संघांकडे जात आणि तळाचे संघ तळाशीच राहत. एकतर्फी सामन्यांमुळे प्रेक्षक घटतील व अखेरीस संपूर्ण लीगच धोक्यात येईल, असे बेल यांचे मत होते. मे १९३५ मध्ये त्यांनी गुणतक्त्याच्या उलट क्रमाने खेळाडू निवडण्याचा प्रस्ताव मांडला. बलाढ्य संघांच्या मालकांनीही तो स्वीकारला. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे पहिली निवड झाली. ईगल्सने प्रथम निवडलेला जे बरवँगर मात्र व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. त्या हंगामात ईगल्सने १२ पैकी ११ सामने गमावले.

आयुक्तपद

१९४६ मध्ये बेल आयुक्त झाले. त्याच वर्षी अंतिम सामन्यापूर्वी जायंट्सच्या दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचे प्रकरण उघडकीस आले. बेल यांनी दोघांवरही बंदी घातली. हंगामाच्या आरंभी दुर्बळ संघांची गाठ दुर्बळांशीच पडेल, अशा बेताने ते वेळापत्रक आखत.

मृत्यू व वारसा

फ्रँकलिन फील्ड मैदानावर ईगल्स व पिट्सबर्ग स्टीलर्स यांचा सामना पाहताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. या दोन्ही संघांच्या मालकीत त्यांचा कधीकाळी वाटा होता. १९६३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच तुकडीत त्यांचा समावेश झाला.

त्यांची पद्धत पुढे बास्केटबॉल, आइस हॉकी व बेसबॉल या खेळांतही रुजली. तिच्यामुळे खेळाडूंचे संघ निवडण्याचे स्वातंत्र्य संकुचित झाले. शिवाय शेवटच्या क्रमांकाला बक्षीस मिळू लागल्याने मुद्दाम हरण्याचा मोह निर्माण झाला. त्याला आळा घालण्यासाठी नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनने १९८५ मध्ये पहिल्या निवडीसाठी सोडत सुरू केली. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये मात्र बेल यांचा उलटा क्रम आजही कायम आहे.