स्तनाग्रावरील चट्ट्याचा इशारा ओळखणारे पॅजेट

स्तनाग्रावरील इसबासारखा चट्टा कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो, हे वैद्यकविश्वाच्या लक्षात आणून दिले सर जेम्स पॅजेट यांनी. इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथे ११ जानेवारी १८१४ रोजी जन्मलेले पॅजेट पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. १८७४ मध्ये त्यांनी सुमारे १५ स्त्रियांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. औषधांना दाद न देणाऱ्या चट्ट्यानंतर या स्त्रियांना दोन वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग झाला होता. ३० डिसेंबर १८९९ रोजी पॅजेट यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा दुर्मीळ आजार आजही इसब समजून दुर्लक्षिला जातो. बायॉप्सीने त्याचे निदान होते. शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार. मलमाने न भरणारा चट्टा म्हणूनच वेळीच तपासून घ्यावा.