रजतपटावरील खाष्ट सासू : ललिता पवार

दूरदर्शनवर 1987-88 साली 'रामायण' मालिका चालू असता रविवारी सकाळी घरातील कामे जिथल्या तिथे राहत. रामाच्या दर्शनासाठी बसलेल्या आपण भगिनी मंथरा केव्हा येते याचीही वाट पाहत असू. तिला बोटे मोडायची, पण नजर तिच्यावरून हलवायची नाही, असे का होई? मंथरेची भूमिका करणाऱ्या कै. ललिता पवार यांच्या चरित्रात याचे उत्तर सापडते.

पैठणीच्या येवल्यात 18 एप्रिल 1916 रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव अंबा. 1928 च्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटात त्या बालकलाकार होत्या. पुढे नायिका झाल्या. 1932 च्या 'कैलाश' मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. मात्र 1942 साली चित्रीकरणाच्या वेळी सहकलाकाराची चपराक अवचित जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला. दीर्घ उपचारानंतरही डावा डोळा अधू राहिला.

जिचा चेहरा हेच भांडवल, तिने आता काय करावे? बाई रडत बसल्या नाहीत. नायिकापण सुटले, तेव्हा तोच बारीक डोळा त्यांनी कामाला लावला. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (1944) त्या आनंदीबाई झाल्या. आणि पुढे कितीएक बोलपटांत कजाग सासू म्हणून प्रेक्षकांच्या मनात ठसल्या.

सुनेने सोसावे, सासूनेही पूर्वी सोसलेले गिळावे, ही आपल्या घरांची जुनी रीत. ओठांपर्यंत येऊन परत जाणारे शब्द पडद्यावरची ही बाई बेधडक बोलून टाकी. सुनेला तिच्यात आपला जाच दिसे. सासूला, कबूल न करता, आपलीच सावली दिसे. दुष्ट पात्राची ओढ वाटते ती त्यामुळे. ते पात्र परके नसते. आपण कुलूप लावून ठेवलेल्या खोलीतूनच ते बाहेर आलेले असते.

परंतु त्याच चेहऱ्याने 'अनाडी'तील (1959) घरमालकीण मिसेस डिसा उभी केली. वरून करडी, आतून माउली! त्या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. डोळा तोच; त्यातला भाव बदलला होता.

24 फेब्रुवारी 1998 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या कोलाडच्या मंडळात सासवा आणि सुना एकाच सतरंजीवर बसतात. पडद्यावरच्या सासूला नावे ठेवताना प्रत्येकीने क्षणभर शेजारणीकडे पाहावे, आणि मग स्वतःकडेही.