चित्रशाळेतून कारखान्याकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

मिरजेहून पुण्याकडे जाणारी गाडी किर्लोस्करवाडी मागे टाकते तेव्हा बहुतेकांना नांगर आणि पंप एवढेच आठवतात. ज्यांच्यामुळे या गावाला हे नाव मिळाले, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कला शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शालेय अभ्यासात मन रमेना, म्हणून चित्रकार होण्याच्या इच्छेने त्यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. दोन वर्षांनी कळून चुकले, की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखताच येत नाही. होतकरू चित्रकारावर याहून मोठा आघात कोणता? परंतु रंग गेले तरी रेषा हाती उरली होती, आणि यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने चालणाऱ्या सायकलींच्या व्यवसायातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा कारखाना उभा राहिला.

लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोलवर उलथून टाकतो. तरीही लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षे लागली. इतक्यात बेळगाव नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा हवी झाली, आणि जमलेला संसार उठवावा लागला.

त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकरांचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे आणि हा माळ सांगली जिल्ह्यात. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या ओसाड जागी कारखाना आणि वसाहत उभी राहिली. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. खुनाची शिक्षा भोगलेल्या माणसांवरही रात्रीच्या राखणीचे काम विश्वासाने सोपवलेले असे.

ओतकामाची रीत पाहिली म्हणजे चित्रशाळेतले शिक्षण वाया गेले नाही, हे ध्यानात येते. आधी कागदावर आराखडा, त्यावरून लाकडी नमुना, नमुन्यावरून वाळूचा साचा आणि शेवटी साच्यात वितळलेले लोखंड. कागदावरची रेघ चुकली, तर पुढे भट्टी कितीही चांगली पेटली तरी नांगर चुकणारच. पहिल्या महायुद्धात परदेशी यंत्रे येईनाशी झाली. देशी मालाला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळणे कठीण झाले. त्यातूनही कारखाना तगला आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, तर १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या ज्या मासिकांवर वाढल्या, त्यांचे मूळ नांगराच्या कारखान्यात आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विसरता कामा नये.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यांचे यश मोठे खरेच, पण मला त्यांचा विशीच्या आतला निर्णय अधिक मोठा वाटतो. कला शाखेला आलेल्याचे पुढे काय होणार, असे आपल्यालाही घरीदारी विचारले जाते. आवडीच्या विद्येचा एक दरवाजा बंद झाला, तरी तिच्यातले जे उरले ते घेऊन उठणे, हे लक्ष्मणरावांच्या आयुष्याने दिलेले उत्तर आहे.